साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मालेगाव : चढायचं कुठून आणि बघायचं काय

साल्हेर किल्ल्याला खेटून असलेल्या सालोटा किल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण त्याच्याबद्दल कुणीच धड सांगत नाही. ‘साल्हेर उतरलात की खिंडीतूनच सालोटा करून टाका, तासाभराचं काम आहे’ असं आम्हाला निघण्याआधी ज्याने-त्याने सांगितलं होतं. हा सल्ला साफ चुकीचा आहे. दुपारी, पाय थकलेले असताना आणि पाणी तळाला गेलेलं असताना तो पाळणं धोक्याचं आहे.

साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीतून सालोट्याकडे वळलं की वाट डोंगराच्या अंगाने आडवी जाते. खाली दरी आणि वर कातळ. मधली पाऊलभर जागा वाळलेल्या गवताने आणि घसाऱ्याने झाकलेली. पावसाळा सरल्यावर हे गवत पिवळं पडून आडवं होतं आणि त्यावर बुटाचा तळवा टिकतच नाही. हाताला धरायला झुडूप नाही, आणि जो दगड धराल तोच हलतो. हे संपतं तिथे कातळात कोरलेल्या पायऱ्या सुरू होतात. त्या सुरेख आहेत, पण वरून कोसळलेल्या धोंड्यांनी जागोजागी अडल्या आहेत आणि काही पायऱ्यांची उंची गुडघ्याच्याही वर आहे. चढताना हे निभतं. उतरताना तोंड डोंगराकडे करून एकेक पाय खाली चाचपत यावं लागतं. आमच्यातला सगळ्यात सरावलेला गडी त्या आडव्या पट्ट्यात मधोमध थांबला आणि बराच वेळ हलला नाही. त्याची भीती खरी होती. अशा ठिकाणी मागच्याने ‘चल रे’ म्हणून घाई करू नये.

सालोटा करायचाच असेल तर पहाटे, साल्हेरच्या आधी. तीस मीटरचा दोर सोबत असावा आणि तो बांधता येणारा माणूसही. पावसात आणि नोव्हेंबरच्या आधी नकोच. खोल दरी बघून भीती वाटणाऱ्यांनी खिंडीत बसून राहावं, त्यात काही कमीपणा नाही. आणि वेळ एकाच गोष्टीपुरता असेल तर सालोटा सोडा, साल्हेर करा.

आम्ही तिथे का गेलो, तेही सांगतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यात राजगड, रायगड, प्रतापगड यांच्या बरोबरीने नाशिक जिल्ह्याच्या बागलाणातला साल्हेर आहे. महाराष्ट्रातला हा सगळ्यात उंच किल्ला, १,५६७ मीटर. कळसूबाई वगळता राज्यात याहून उंच जागा नाही. आता साल्हेरला जाणारे वाढलेत. त्यातले बहुतेक जण थेट माथ्यावरचं परशुराम मंदिर गाठतात, फोटो काढतात, गंगासागर तलावावर डबा खातात आणि उतरतात. साल्हेरचं नाव ज्या लढाईने झालं ती गडावर झाली नव्हती. ती खाली, पायथ्याच्या मोकळ्या मुलखात झाली. गडावर उभं राहून खाली बघायचं, हे तिथे सांगणारा कुणी भेटत नाही, आणि रणभूमी अमुक बाजूला असं सांगणारी पाटीही आम्हाला दिसली नाही.

म्हणून माझं मत असं की माथ्यावर पोहोचल्यावर मंदिराशी जास्त वेळ न घालवता कडेला या आणि उतारांकडे पाहत बसा. जानेवारी १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी साल्हेर घेतला. त्याआधीच्या ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटून परतताना दिंडोरीजवळ मोगल सरदार दाऊदखानाशी उघड्या मैदानावर लढाई झाली होती. सुरतेकडून दख्खनेत येणाऱ्या वाटांवर साल्हेर पहारेकऱ्यासारखा उभा आहे, त्यामुळे मोगलांना तो परत हवाच होता. त्यांचे सरदार बहादूरखान आणि दिलेरखान चालून आले, त्यांनी वेढा घातला आणि मग इखलासखानाला वेढ्यावर ठेवून स्वतः पुण्याकडे निघून गेले. एवढी मोठी फौज त्यांनी आपणहून दुभंगली.

फेब्रुवारी १६७२ मध्ये महाराजांनी दोन बाजूंनी माणसं पाठवली. प्रतापराव गुजर घोडदळ घेऊन घाटमाथ्याने आले आणि मोरोपंत पिंगळे पायदळ घेऊन कोकणातून वर चढले. वरून पाहिलं की या दोन हालचालींची अडचण कळते. मधे डोलबारी आणि सेलबारीच्या रांगा, एकाला दुसरा दिसत नाही, निरोप पोहोचवायचा तर माणूसच पळवायचा. तरीही दोघे वेढ्यावर एकदम येऊन पडले. बखरकार सभासदाने लिहिलंय की धूळ एवढी उडाली की तीन कोस परिसरात आपला कोण आणि परका कोण हे दिसेना. मराठ्यांकडचे सूर्यराव काकडे जंबुरक्याचा गोळा लागून पडले. जंबुरक म्हणजे उंटाच्या पाठीवरची हलकी तोफ, त्या काळातलं फिरतं शस्त्र. इखलासखान जखमी होऊन सापडला, मोगलांकडचा राव अमरसिंह चंद्रावत मारला गेला आणि वेढा उठला.

अकरा वर्षं आधी, १६६१ मध्ये, उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाला अडवलं होतं तेव्हा सगळं काम खिंडीने केलं होतं. दाट रान, अरुंद वाट, दोन्ही बाजूंना लपलेले मावळे. साल्हेरला लपायला काही नव्हतं. इथे शत्रूला एका जागी खिळवण्याचं काम किल्ल्याने केलं. वेढा घालणारा हलू शकत नाही, त्याचे तंबू, तोफा, धान्य सगळं तिथेच अडकतं, आणि बाहेरून येणाऱ्याला तो कुठे सापडेल ते पक्कं ठाऊक असतं. मराठ्यांची युद्धनीती म्हणजे फक्त गनिमी कावा असं शाळेपासून आपल्या डोक्यात बसलंय. ते अर्धवट आहे, आणि ते खोडायला साल्हेरच्या माथ्याएवढी चांगली जागा दुसरी नाही.

आता वाटेबद्दल. वाघांब्याकडून चढा आणि साल्हेरवाडीकडे उतरा. वाघांब्याची वाट खिंडीत येते, तिथून कातळात कोरलेल्या पायऱ्या, मग दरवाजे आणि मधे कड्याला लागून जाणारी लांब आडवी चाल. सकाळी ताज्या पायांनी ही बाजू निभते, संध्याकाळी पाय लटपटतात. साल्हेरवाडीची वाट रुंद आणि सोपी, तिकडून उतरताना अंधार झाला तरी निभावतं. गाडी वाघांब्यात लावली असेल तर हे जमणार नाही, म्हणून गाडी नेऊच नका किंवा चालक सोबत ठेवा. साल्हेरवरच्या गुहेत राहायचं असेल तर टाक्यातलं पाणी उकळून प्या. गावातून एक माणूस वाटाड्या म्हणून घ्या आणि त्याला योग्य ते पैसे द्या. आमच्यासोबत आलेल्या काकांनी सालोट्यावर ज्या शांतपणे आम्हाला पार नेलं, त्याची किंमत त्यांनी मागितलेल्या रकमेहून कितीतरी जास्त होती.

पैशाची लूट झाली ती दुसरीकडे. ताहराबादला उतरल्यावर एका जीपवाल्याने वाघांब्यापर्यंतचे म्हणून जे पैसे सांगितले, ते देऊन आम्ही बसलो. मुल्हेरच्या पुढे गेल्यावर ‘हे एकीकडचे, रिकामी गाडी परत न्यायचे वेगळे’ असं सुरू झालं. रस्त्यात, सामानासकट, दुसरी गाडी नाही. दुप्पट दिले. मला राग रकमेचा नाही, मधे नेऊन अडवण्याचा आहे. सटाण्याहून एसटी मिळते, तिची वेळ सटाणा डेपोत विचारून घ्या आणि जीपच करायची असेल तर जाण्या-येण्याचे मिळून किती, हे बसायच्या आधी सगळ्यांसमोर बोलून घ्या. काळी-पिवळीत बसलेल्या गावच्या माणसांना विचारलं तर ते खरा दर सांगतात. नंतर आम्हाला तो त्यांच्याकडूनच कळला.

मुल्हेरचा दिवस छान गेला. वाट चांगली, सावली आहे, सोमेश्वराचं मंदिर आणि मोती तलाव बघण्यासारखे, मोरा आणि हरगड शेजारीच. कुटुंबासह जायचं तर मुल्हेरला जा.

मुल्हेर मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्याच कारणाने. १६८७ मध्ये साल्हेर पुन्हा मोगलांकडे गेला तेव्हा लढाई झालीच नाही. मुल्हेरच्या मोगल किल्लेदाराने, नेकनामखानाने, साल्हेरच्या मराठा किल्लेदाराला पैसा आणि मनसब देऊन फोडलं. तोच गड, तेच कडे, त्याच पायऱ्या. पंधरा वर्षांत फरक एवढाच पडला होता की औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरला होता आणि वेढा फोडायला दोन बाजूंनी धावून येईल अशी मोकळी फौज राहिली नव्हती. मग इंग्रज-मराठा युद्धात जुलै १८१८ मध्ये मुल्हेरही इंग्रजांच्या हाती गेला, तोही न लढता.

साल्हेरवरून परतताना आमच्यातले बरेच जण थेट नाशिकला गेले. तुम्ही तसं करू नका, मालेगावला जा. मालेगावचा भुईकोट बघायला कुणी येत नाही. शहराच्या गर्दीत, मोसम नदीच्या काठी, आत शाळा भरते, तटाला घरं लागलेली. चढ नाही, दरी नाही, फोटो चांगले येत नाहीत. पण युद्ध कसं बदलत गेलं हे बघायचं असेल तर या सगळ्या फेरीत मालेगाव पहिल्या नंबरावर. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या मॅकडॉवेलच्या फौजेने याला वेढा घातला तेव्हा आत अरब शिबंदी, म्हणजे पगारी अरब सैनिक होते. त्याआधी एप्रिलमध्ये त्र्यंबकगड पडला होता आणि त्याची बातमी पोहोचताच आसपासच्या १७ गडांनी किल्ल्या देऊन टाकल्या होत्या. उंच, अवघड, कातळकड्यांचे गड पटापट गेले आणि सपाटीवरचा हा कोट जवळजवळ महिनाभर लढला. इंग्रजांचा एक हल्ला सपशेल फसला, मेलेल्या आणि जखमींचा आकडा दोनशेच्या वर गेला. शेवटी एक बाँबगोळा दारूकोठारावर पडला, तट फुटला आणि जूनच्या मध्यावर अरबांनी शस्त्रं ठेवली. त्याच्या दहाएक दिवस आधी पेशवा दुसरा बाजीराव इंग्रजांच्या माल्कमच्या स्वाधीन झालेला होता. ज्याच्यासाठी लढायचं तोच उरला नव्हता, तरी ते लढत होते.

उखळी तोफेचा गोळा तटावरून आत पडू लागला आणि किल्ल्यांचा काळ संपला, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते मला आता पटत नाही. तोफेने काम सोपं केलं हे खरं. पण महिदपूरला डिसेंबर १८१७ मध्ये होळकरांची फौज मोडली, फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले, आणि त्यानंतर कुठल्याही किल्लेदाराला बाहेरून कुणी येईल ही आशा राहिली नाही. साल्हेर १६७२ मध्ये टिकला तो कड्यांमुळे जितका, तितकाच प्रतापराव आणि मोरोपंत येणार होते म्हणून. सुटका करणारी फौज संपली की गड नुसता उंच डोंगर उरतो.

हे आजही तसंच चाललंय. मुंबईहून रेल्वेने नाशिकला येताना देवळाली लागतं, तिथे भारतीय तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. कारगिलला १९९९ मध्ये ज्या बोफोर्स तोफा धडधडल्या, त्यांचा पल्ला सुमारे ३० किलोमीटर. साल्हेरवर उभे राहिलात तर मुल्हेर, मोरा आणि हरगड सगळे त्या पल्ल्याच्या आत येतात. पण टायगर हिलवर नुसता तोफांचा मारा पुरला नाही. मागच्या धारेवरून शत्रूची रसद तोडावी लागली, तेव्हा शिखर हातात राहिलं. २०२२ मध्ये युक्रेनमधल्या मारिउपोल शहरातल्या पोलाद कारखान्याच्या तळघरांत सैनिक आठवड्यांमागून आठवडे टिकून राहिले, काही हेलिकॉप्टरं जिवावर उदार होऊन आतही गेली, पण वेढा फोडणारी फौज काही पोहोचू शकली नाही आणि मे महिन्यात त्यांना बाहेर यावं लागलं. मालेगावच्या तटाशी उभं राहून मला तेच आठवत होतं.

खरा बदल झालाय तो धुळीत. साल्हेरच्या लढाईत धुळीने आपला आणि परका झाकला. त्याआधी डोंगररांगांनी दोन फौजा झाकल्या होत्या, म्हणून तर त्या वेढ्यापर्यंत येऊ शकल्या. आज आकाशात फिरणारा छोटा ड्रोन रात्रीसुद्धा माणसाच्या अंगाची उष्णता टिपतो. प्रतापरावांचं घोडदळ आज जमा होऊ लागलं तर चालायला लागण्याआधीच ते दिसेल. युक्रेनमध्ये मोठ्या तुकड्या एकत्र आणणंच अवघड झालंय, माणसं दोन-तीनच्या गटांनी पुढे सरकतात. खिळवून ठेवायचं आणि बाहेरून येऊन मोडायचं, हा साल्हेरचा डाव अजून खरा आहे. फक्त बाहेरून येणाऱ्याला लपवणार कसं, याचं उत्तर कुणाकडे नाही.

ज्यांना हे सगळं एका फेरीत करायचंय त्यांनी क्रम असा ठेवावा: आधी मुल्हेर, म्हणजे पाय सैल होतात आणि मुल्हेर गावात मुक्काम होतो. दुसऱ्या पहाटे वाघांब्याकडून चढाई, सालोटा जमला तर आधी. रात्री साल्हेरवरच्या गुहेत. तिसऱ्या दिवशी साल्हेरवाडीकडे उतरून सटाणामार्गे मालेगाव. मांगी-तुंगीच्या जोडशिखरांना याच फेरीत ओढू नका, पायऱ्या चढून पाय आधीच गेलेले असतात. मालेगावच्या किल्ल्यात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी जा आणि आत शिरताना शाळेच्या शिपायाला विचारून जा.