गच्चीचा कोबा आणि ग्राहक आयोग: माझा अनुभव

मे 2023 मध्ये आम्ही कोल्हापुरातल्या घराच्या गच्चीवर नवा ब्रिकबॅट कोबा (गळती थांबवायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) करून घेतला. 900 चौरस फूट, 140 रुपये दराने 1,26,000. करारबिरार काही नाही. ठेकेदाराने लेटरहेडवर अंदाजपत्रक लिहून त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, खाली 'गॅरंटी 10 वर्षे'. पुढे तोच फोटो उपयोगी पडला.

जूनच्या पहिल्या झडीतच बेडरूमच्या स्लॅबला ओल आली. फोन केला तर म्हणाला, "वहिनी, पहिल्या पावसात थोडं होतंयच. कोबा मुरू दे." जुलैत भिंतीचे पोपडे पडायला लागले. मी 1,10,000 दिले होते, 16,000 अडवून ठेवले आणि तसा मेसेजही केला: ढाळ नीट करून द्या, मग उरलेले घ्या. त्यानंतर त्याने फोन उचलणंच सोडलं.

भाचा म्हणाला, महारेरात, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडे टाक, पाच वर्षांची जबाबदारी असते. महिनाभर मी त्याच नादात होते. ती जबाबदारी प्रकल्प विकणाऱ्या बिल्डरची असते. आपण स्वतः बोलावलेल्या ठेकेदाराला ती लागू होत नाही. आपली वाट ग्राहक संरक्षण कायदा, 2019. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ते समोरच्याची समजूत घालू शकतात, आदेश देऊ शकत नाहीत. आमच्या गड्याची समजूत कोण घालणार!

ऑक्टोबरात पाऊस थांबल्यावर मी एक उद्योग केला. गच्चीच्या पन्हाळ्यांची तोंडं ओल्या पोत्यांनी आणि चिकणमातीने बुजवली, पाणी सोडलं आणि खाली बेडरूमच्या छतावर ओलीच्या डागाभोवती पेन्सिलने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी डाग रेघेबाहेर चार बोटं सरकला होता. तारखेसकट फोटो काढले. खरं तर काम संपताच 48 तास पाणी साठवून बघायला हवं होतं, पण तेव्हा पाणीटंचाई आहे म्हणत त्याने ते टाळलं आणि मीही गप्प बसले.

परवानाधारक इंजिनिअरने 3,500 रुपयांत लेखी अहवाल दिला: ढाळ पन्हाळ्याकडे न जाता टाकीकडे उलटा, कठड्याच्या कडेला वाटा (गच्ची आणि कठड्याच्या कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) भरलेलाच नाही, दुरुस्तीला 95,000. फोटोंपेक्षा या दोन पानांना जास्त वजन आलं.

नोटीस रजिस्टर पोस्टाने धाडली. तिची कायद्यात सक्ती नाही, पण पाकीट 'घेण्यास नकार' शेरा घेऊन परत आलं आणि तेही मी जोडलं. ठेकेदार निपाणीचा, म्हणजे आता कर्नाटकात हेलपाटे घालायचे की काय, ही धास्ती होती. पण तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही दाखल करता येतं. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असल्याने फी शून्य, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. जानेवारी 2024 मध्ये मी वकिलाशिवाय ऑनलाइन दाखल केलं. त्यासाठीचं पोर्टल तेव्हा ई-दाखिल होतं, आता ई-जागृती आहे.

लेखी म्हणणं द्यायला त्याला 30 दिवस होते, वर फार तर 15. त्याने सगळे वापरले. त्याच्या वकिलाचा मुद्दा असा की बाईंनीच पैसे अडवून व्यवहार मोडला. मी तो जुलैचा मेसेज काढून दाखवला. नंतर तारखांवर तारखा पडत गेल्या. त्यात लिहिण्यासारखं काही नाही, फक्त रजा गेल्या.

शेवटी दोघांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीला गेलं. तो म्हणाला, पुन्हा करून देतो. त्याच गड्यांना पुन्हा गच्चीवर चढवायला मी तयार नव्हते. 70,000 परत, दोन चेकने, आणि माझ्याकडचे 16,000 माफ, यावर मिटलं. वकील मैत्रीण म्हणाली, लढली असतीस तर मानसिक त्रासाचेही मिळाले असते. मिळालेही असते, पण आणखी एक पावसाळा ताडपत्रीखाली काढायची माझी तयारी नव्हती. तडजोडीवर आयोगाचा आदेश झाला. आदेश मोडला तर कलम 72 खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान 25,000 दंड होऊ शकतो, म्हणून की काय, दोन्ही चेक वटले.

नव्या गवंड्याचा शेवटचा हप्ता मी पन्हाळी बुजवून, पाणी भरून मगच द्यायचा ठरवला. तो जरा रागावलाच. "वहिनी, विश्वास न्हाई व्हय आमच्यावर?" चहा ठेवला त्याच्यासाठी. पैसे तिसऱ्या दिवशी दिले.