जुना बी-२७५: घेताना आणि वापरताना

कोरेगाव तालुक्यातील आमच्या साडेचार एकरांसाठी गेल्या उन्हाळ्यात मी महिंद्रा इंटरनॅशनलचा जुना बी-२७५ ट्रॅक्टर विकत घेतला. मूळचा इंग्लंडमधील डॉनकॅस्टरच्या कारखान्यातला हा नमुना इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीबरोबरच्या भागीदारीतून आपल्याकडे आला. चार सिलिंडरचे, सुमारे ३५ अश्वशक्तीचे हे इंजिन उघडून बसवणारे मिस्त्री आमच्या भागात अजून आहेत आणि माझ्या निवडीचे खरे कारण तेच होते.

पहिल्यांदा पाहायला गेलो तेव्हा बॉनेट गरम लागले, म्हणजे मालकाने इंजिन आधीच चालू करून ठेवले होते. म्हणून दुसऱ्या दिवशी न कळवता पहाटे गेलो. थंड इंजिन हीटर (सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणारे प्लग) दिल्यावर दुसऱ्या सेल्फला लागले, पांढरा धूर मिनिटभरात विरला आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, वाफ जेमतेम येत होती, तेव्हा पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची आतली नळी म्हणजे लायनर ठीक असल्याची खात्री पटली. मात्र नांगर उचलून इंजिन बंद केले, तर दहा मिनिटांत फाळ वीतभर खाली आले. अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिक लिफ्टचे काम निघणार हे स्पष्ट होते आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी झाली.

कागदपत्रांत अधिक वेळ गेला. चेसिस क्रमांकावरचा गंज खरडून तो आरसी बुकाशी ताडून पाहिला. कर्ज फिटूनही बँकेचा बोजा नोंदीत तसाच होता आणि नोंदणीची पंधरा वर्षे केव्हाच उलटली होती. ना हरकत दाखला आणि नूतनीकरण हाती येईपर्यंत मी निम्मी रक्कम राखून ठेवली. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याने याबाबतीत भीड बाळगू नये, असे माझे ठाम मत आहे.

वाफसा असताना दोन फाळांचा नांगर हा ट्रॅक्टर समाधानाने ओढतो. रोटाव्हेटरचे काम मात्र मी भाड्याने करून घेतो, कारण माझ्या गाडीला सिंगल क्लच असल्याने क्लच दाबताच पीटीओ, म्हणजे रोटाव्हेटर फिरवणारा मागचा दांडाही थांबतो आणि बांधाशी वळताना काम अडते. मे महिन्याच्या धुळीत ऑइल बाथ एअर क्लीनरची (इंजिनात जाणाऱ्या हवेतली धूळ तेलात अडवणाऱ्या गाळणीची) वाटी दर दोन दिवसांनी काढतो. तळाशी बोटभर चिखल निघतो, तो इंजिनात गेला असता तर लायनर एका हंगामात झिजले असते.

हिवाळ्यात एकदा सकाळी हीटर लागेना. चारही प्लग एकाच मालिकेत जोडलेले असल्याने एक जळताच सगळे बंद पडले होते. तेव्हापासून एक नवा प्लग आणि वायरचा तुकडा सीटखालच्या पेटीत कायम असतो.