रोममध्ये एक दिवस पाण्याच्या मागावर

रोमला गेलात तर एक अख्खा दिवस पाण्यासाठी राखून ठेवा. कोलोसियम थक्क करतं, पण ते भग्न आहे. प्राचीन रोमचं पाणी मात्र आजही शहरात वाहतंय, आणि त्या लोकांची खरी थोरवी मला तिथे कळली.

सुरुवात पार्को देल्यी आक्वेदोत्तीपासून करा. मेट्रोच्या ए मार्गावर जूलिओ अग्रीकोला स्थानकात उतरून थोडं चाललं की हे मोकळं माळरान लागतं. तिकीट नाही. इ.स. 52 मध्ये सम्राट क्लॉडियसने पूर्ण केलेल्या जलवाहिनीच्या उंच कमानी इथे ओळीने उभ्या आहेत. कमान तुटलीय तिथे थांबून वर बघा, एकावर एक बांधलेले दोन पाट दिसतात. सावली फार कमी, म्हणून उन्हाळ्यात सकाळीच जा.

मग मेट्रोने बार्बेरिनीला परत या. जवळच विया देल त्रितोनेवर रिनाशेंते नावाचं मोठं दुकान आहे. त्याच्या तळघरात आक्वा विर्गो या जलवाहिनीच्या कमानी जपल्या आहेत आणि त्या फुकट बघता येतात. इ.स.पू. 19 मध्ये सम्राट ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पाने ही वाहिनी आपल्या स्नानगृहांसाठी आणली. लांबी सुमारे 20 किलोमीटर आणि एवढ्या अंतरात उतार जेमतेम 4 मीटर! पंप नाही, वीज नाही, सगळी मदार अचूक मोजमापावर. बहुतेक मार्ग जमिनीखालून गेलाय. 537 साली गॉथ सैन्याने शहराचं पाणी तोडलं, तेव्हा ही वाहिनी इतरांपेक्षा बरीच वाचली ती त्यामुळेच. पुढे 1453 मध्ये पोप निकोलस पाचवे यांनी ती दुरुस्त करवली. 1762 मध्ये पुरं झालेलं त्रेवी कारंजं याच वाहिनीच्या टोकाशी आहे. गर्दी टाळायची तर तिथे भल्या पहाटे जावं लागतं. दुपारी कठड्यापर्यंत पोहोचणंही मुश्कील. कारंज्याचं पाणी मात्र पिऊ नका.

पिण्यासाठी रस्तोरस्ती नासोने आहेत, म्हणजे नळ असलेले ओतीव लोखंडाचे बुटके खांब. हे 1874 पासून बसवले गेले. त्यांतलं पाणी आजच्या वाहिन्यांचं आहे, पण चौकाचौकात सर्वांसाठी अखंड वाहतं पाणी ठेवायची रीत प्राचीन रोमचीच. नळाचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, तोंड लावावं लागत नाही. रिकामी बाटली जवळ असू द्या, पाणी विकत घेऊच नका.

त्रेवीहून पँथिऑन हे प्राचीन मंदिर चालत दहा मिनिटांवर. दर्शनी भागावर त्याच अग्रिप्पाचं नाव कोरलंय. सुमारे 43 मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, आत एकही लोखंडी सळई नाही! पाऊस असेल तर मुद्दाम आत जा: घुमटाच्या माथ्यावरच्या उघड्या गोल भोकातून पडणारं पाणी फरशीतल्या बारीक छिद्रांतून निघून जातं. 2023 पासून तिकीट लागतं, ते आधीच ऑनलाइन काढा.

संध्याकाळी पोंते फाब्रीचिओवरून टायबर नदीतल्या बेटावर जा. इ.स.पू. 62 चा हा पूल अजून रोजच्या वापरात आहे. तिथून पोंते पालातीनो हा दुसरा पूल जवळच. त्यावरून नदीच्या भिंतीत क्लोआका मॅक्सिमा या प्राचीन गटाराचं कमानीचं तोंड दिसतं. नीट पाहायचं तर अंधार पडायच्या आत पोहोचा.