साडेत्र्याहत्तर किलोचा फरक

शाळेतल्या पोषण आहारावर देखरेख म्हणजे खिचडीची चव घेणं, असा माझाही समज होता. चव घ्यायला दोन मिनिटं लागतात. खरं काम आहे कोठीतला तांदूळ आणि पोषण आहाराच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेला तांदूळ यांचा मेळ घालण्याचं, आणि त्यापायी पंचायत समितीतल्या एका टेबलापुढे पाच आठवडे गेले. राग अजून उतरलेला नाही, तेव्हा सांगताना क्रम मागेपुढे होईल.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते आठवी. मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य. पटावर पहिली ते पाचवीची ८४ मुलं, सहावी ते आठवीची ४६.

आधी प्रमाण पाठ करा, नाहीतर समोरचा काहीही सांगतो. पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला हेच दीडपट : १५०, ३०, ७५ आणि साडेसात. सगळी मुलं हजर असतील तर आमच्या शाळेत दिवसाला १५ किलो ३०० ग्रॅम तांदूळ, ३ किलो ६० ग्रॅम डाळ, ७ किलो ६५० ग्रॅम भाजी आणि ७६५ ग्रॅम तेल लागतं. हे चार आकडे मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कोठीच्या दाराला आतून चिकटवले. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना त्याचा माझ्यापेक्षा जास्त उपयोग झाला, कारण तोवर त्या मापट्यानं घेत होत्या आणि मापटं कुणी कधी तोलून पाहिलं नव्हतं.

पाचवीचा घोळ लक्षात ठेवा. पूर्वी प्राथमिक म्हणजे चौथीपर्यंत असं डोक्यात बसलेलं असतं, त्यामुळे कुणीतरी पाचवीची मुलं वरच्या गटात धरून दीडशे ग्रॅमनं हिशोब लावतं. पाचवीत १७ मुलं असली तर रोज ८५० ग्रॅम, बावीस दिवसांत १८ किलो ७०० ग्रॅम. ही चोरी नव्हे, सवय आहे. पण साठा बिघडतो तो बिघडतोच.

साठा ताडण्याची रीत सोपी आहे. महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक, अधिक महिन्यात आलेला माल, वजा रोजच्या ताटांप्रमाणे लागलेला माल. आलेलं उत्तर आणि कोठीत प्रत्यक्ष तोललेला तांदूळ यांत थोडा फरक पडणारच. मावशी एखाद्या दिवशी मूठभर कमी घेतात, बाजाराच्या दिवशी मुलं कमी जेवतात. म्हणून एक उलटा सल्ला देतो : प्रत्येक महिन्याला हिशोब ग्रॅमपर्यंत जुळत असेल तर जास्त बारकाईनं बघा. एवढा नेमका स्वयंपाक कुणी करत नाही. तो वहीत होतो.

आमचा जुळला नाही. पोर्टलवर ४११ किलो ५०० ग्रॅम, तोलल्यावर ३३८ किलो. साडेत्र्याहत्तर किलो कमी, म्हणजे जवळजवळ दीड पोतं. पहिल्या क्षणी जे मनात येतं तेच माझ्याही मनात आलं, आणि ते चुकीचं निघालं. हजेरी फुगवून माल बाहेर जात असेल तर कागदावरची शिल्लक आधीच कमी झालेली असते. कोठीत उरलेलं निमूट बाहेर गेलं की दोन्ही आकडे छान जुळतात. कोठीत कागदापेक्षा कमी माल सापडतो तेव्हा कारणं बहुतेक वेगळी असतात : माल येतानाच वजनात कमी आला, किंवा शिजला पण नोंदला गेला नाही, किंवा खराब झाला आणि लिहिला गेला नाही. आमच्याकडे ही तिन्ही निघाली.

पहिलं, तीन दिवसांची उपस्थिती ॲपवर भरलीच गेली नव्हती. एक दिवस नेटवर्क नव्हतं, दोन दिवस ते काम बघणारे गुरुजी निवडणुकीच्या कामावर. जेवण तिन्ही दिवस झालं, पण पोर्टलवर त्याचा तांदूळ वजा झाला नाही. हजेरीपटावरून त्या दिवसांची मुलं काढली : ७६ आणि ४१, ७९ आणि ४३, ७४ आणि ४०. तांदूळ १३.७५, १४.३५ आणि १३.४ किलो. बेरीज साडेएकेचाळीस किलो. शोध इथे लागला, आणि अडकलो तेही इथेच.

शाळेच्या लॉगिनवरून मागच्या तारखेची नोंद करता येत नाही, ती तालुक्याच्या लॉगिनवरून होते. म्हणून मी समिती सदस्य या नात्यानं सरळ अर्ज लिहून घेऊन गेलो. टेबलावरच्या बाबूंनी अर्ज न वाचताच परत दिला : "मुख्याध्यापकांचं पत्र आणा, केंद्रप्रमुखांमार्फत." केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या शाळांचा गट बघणारे अधिकारी. हे बरोबरच होतं, पण त्यासाठी अर्धा दिवस आणि एस.टी.चं भाडं गेलं. तुम्ही हे आधीच करा. अर्ज मुख्याध्यापकांचा, त्यावर केंद्रप्रमुखांची शिफारस, आणि समितीचा ठराव सोबत जोडलेला.

दुसऱ्या खेपेला पत्र घेऊन गेलो. त्यावर शाळेचा जावक क्रमांक नव्हता. परत. शिवाय पत्रात आम्ही "४१.५ किलो तांदूळ कमी करावा" असं लिहिलं होतं. पोर्टलवर किलो कमी करण्याची जागाच नसते. तारीख निवडून त्या दिवशीची मुलं भरायची, किलो आपोआप वजा होतात. ही गोष्ट त्या टेबलाला रोजची ठाऊक होती. पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगता आली असती. सांगितली तिसऱ्या खेपेला, तीही शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी.

तिसरी खेप : "तो महिना बंद झाला, देयक गेलं." ज्या दिवसाची उपस्थिती ऑनलाइन नाही त्या दिवसाचं इंधन-भाजीपाल्याचं देयक निघत नाही. म्हणजे त्या तीन दिवसांच्या भाजीचे आणि गॅसचे पैसे मुख्याध्यापकांच्या खिशातून गेलेले होते. हे ऐकल्यावर मी थोडा चढ्या आवाजात बोललो. त्यानं काही झालं नाही. आवाज चढवून पोर्टल उघडत नाही, हा शोध मला चाळिशीनंतर लागला.

काम झालं ते असं. आधी दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि क्रमांक घेतला. आधीच्या खेपांना तो मागायचं सुचलंच नव्हतं, आणि शिक्का नसेल तर तुम्ही तिथे आलाच नव्हता. मग प्रत्येक तारखेचा स्वतंत्र तक्ता केला : तारीख, वर्गगट, हजर मुलं, जेवलेली मुलं, लागलेला तांदूळ, डाळ, तेल. त्याला हजेरीपटाच्या त्या तीन पानांची आणि चव नोंदवहीच्या त्याच तीन तारखांची झेरॉक्स जोडली. चव नोंदवहीनंच काम केलं. हजेरीपट मुलं आल्याचं सांगतो, अन्न शिजल्याचं नाही. चव नोंदवहीत त्या दिवशी चाखणाऱ्या शिक्षकाची आणि एका आईची सही होती. पोषण आहार अधीक्षकांनी तेवढंच पाहिलं आणि नोंदी करायला सांगितल्या. अधीक्षक कार्यालयात कधी बसतात ते फोन करून विचारा. आधीच्या तीन खेपांपैकी दोन वेळा ते दौऱ्यावर होते आणि त्यांच्याशिवाय ते टेबल हलत नाही.

चौथ्या खेपेलाही ते हललं नसतं, तर माहिती अधिकाराचा अर्ज तयार ठेवला होता : दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस, आणि प्रश्न एकच, की अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर काय कार्यवाही झाली. "का नाही केलं" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही.

दुसरं कारण खराब तांदूळ. पावसाळ्यात एका पोत्याला खालून ओल लागली होती, १५ किलो तांदूळ बुरशीनं काळा पडला. मावशींनी तो बाजूला काढून टाकून दिला. हे योग्यच केलं, कारण बुरशी लागलेलं धान्य धुऊन सुधारत नाही. सोंडे झालेला तांदूळ चाळून, उन्हं दाखवून घेता येतो. काळा पडलेला नाही. पण टाकण्याआधी पंचनामा हवा होता : वजन, फोटो, मुख्याध्यापक आणि समितीतल्या दोघांच्या सह्या. तो आम्ही नंतर केला, त्या वेळी हजर असलेल्यांचे जबाब घेऊन. मान्य झाला, कुरकुर करत. पोती फरशीवर ठेवू नका. लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, जुनं पोतं पुढे. कोठीत धान्याखेरीज काहीही नको, फवारणीचं औषध तर नाहीच, त्याचा रिकामा डबासुद्धा नाही. १६ जुलै २०१३ ला बिहारमधल्या छपऱ्याजवळच्या गंडामनमध्ये २३ मुलं गेली ती स्वयंपाकात कीटकनाशक मिसळलं गेल्यामुळे. वाढण्याआधी मोठ्यांनी चाखण्याचा आग्रह त्यानंतर फार वाढला, आणि म्हणून चव नोंदवहीतल्या सह्या दुपारी एकदम करून टाकू नयेत.

तिसरं कारण येणाऱ्या पोत्यांचं वजन. त्या सत्रात आलेल्या अकरा पोत्यांत मिळून १७ किलो कमी होता. हे कसं कळलं? न उघडलेली चार पोती तोलली, बाकीच्यांपैकी काहींवर मुख्याध्यापकांनी खडूनं वजन लिहिलं होतं, पण पोच पावतीवर नाही. आणि पावतीवर नाही म्हणजे नाहीच. साडेएकेचाळीस भरून निघाले, पंधरा पंचनाम्यात बसले, हे सतरा कुणी मान्य केले नाहीत. ते साठा नोंदवहीत लाल शाईनं तसेच उभे आहेत.

गाडी येते तेव्हा ड्रायव्हरला अजून सहा शाळा करायच्या असतात. तो पावती पुढे करतो, आपण सही करतो. तसं करू नका. लटकता काटा घ्या, शंभर किलोचा, इलेक्ट्रॉनिक मिळतो. नसेल तर गावातल्या किराणावाल्याचा तासभर मागून आणा. सात पोती तोलायला वीस मिनिटं पुरतात. पोत्यात निव्वळ ५० किलो हवा. तागाचं बारदान सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे काट्यावर साडेपन्नासच्या पुढे दिसायला हवं. शिवण दुसऱ्यांदा घातलेली दिसली तर ते पोतं आधी तोला. पोत्यामागे दोन किलोची घट असेल तर सात पोत्यांत १४ किलो होतात, म्हणजे आमच्या शाळेचं जवळजवळ एका दिवसाचं जेवण. कमी भरलं तर सहीच्या आधी पावतीच्या सगळ्या प्रतींवर अक्षरी आणि अंकी प्रत्यक्ष वजन लिहा. नंतरच्या पत्रानं काहीही होत नाही, हे आमच्या सतरा किलोंनी शिकवलं.

तांदूळ तोलताना सुटे पिवळसर, किंचित वेगळे दाणे दिसले तर घाबरू नका. पाण्यात ते तरंगतात. "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून ते वेचून टाकणाऱ्या मावशी मी पाहिल्या आहेत. ते पोषणमूल्य घातलेले दाणे आहेत : लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२. शंभर दाण्यांमागे एक असं मिश्रण असतं, म्हणजे पोत्यात अर्धा किलो. पालकसभेत एकदा वाटीभर पाण्यात घालून दाखवलं आणि शिजवून खाऊन दाखवलं, तेव्हा प्रश्न थांबले.

शाळेत जायची वेळ : मधल्या सुट्टीच्या अर्धा तास आधी, न कळवता. आधी कोठी, मग चूल, मग ताटं. सकाळची हजेरी आणि दुपारची ताटं वेगळी मोजा, ॲपवर जातात ते आकडे ताटांशी ताडा. डाळ पातळ वाटली तर वाद घालत बसू नका, दुसऱ्या दिवशी शिजवण्याआधी डाळ तोलायला सांगा. १३० मुलांना तीन किलो डाळ ही कच्ची असताना केवढी दिसते ते एकदा बघून ठेवलं की पुन्हा काटा लागत नाही. भाजीचं मात्र रोज बघावं लागतं, कारण ती गावातून विकत घेतात आणि अनुदान उशिरा येतं. पैसे अडकले की पहिली कमी होते ती भाजीच. अंड्यांचंही तसंच झालं. नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्याला केळं, असं सुरू झालं होतं. २०२५ च्या सुरुवातीला त्याचा वेगळा निधी थांबला आणि ते लोकवर्गणीवर आलं.

स्वयंपाकी-मदतनिसांची संख्याही मोजून घ्या. २५ मुलांपर्यंत एक, शंभरपर्यंत दोन, पुढच्या शंभरामागे आणखी एक. १३० मुलांना तीन हव्यात. आमच्याकडे वर्षभर दोघीच होत्या आणि सगळी तक्रार खिचडी उशिरा होते अशी होती.

एक राहिलंच. पोच पावती कार्बनची असते, सहा महिन्यांत अक्षर उडतं. मिळाली त्याच दिवशी तारखेसकट फोटो काढून समितीच्या गटावर टाका.