बॉक्स हिलच्या उतारावर सिक्स-स्पॉट बर्नेट

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या बॉक्स हिलवर गेलो, तो केवळ सिक्स-स्पॉट बर्नेट हा सहा ठिपक्यांचा, दिवसा उडणारा पतंग नीट पाहण्यासाठी. बॉक्स हिल अँड वेस्टहंबल स्थानकावरून निघून मोल नदीतल्या पायदगडांवरून पलीकडे गेले की चढण लागते. वर चुनखडीच्या उघड्या उतारावर पिवळ्या फुलांचे बर्ड्‌स-फूट ट्रेफॉइल गवतात पसरलेले असते. सुरवंट याच वनस्पतीवर वाढतात, म्हणून पतंगाच्या आधी ती शोधावी.

पहिला पतंग थिसल या काटेरी रानझुडपाच्या जांभळ्या फुलात सोंड खुपसून बसला होता. पुढचे पंख काळे, पण तिरप्या उन्हात हिरवट, धातूसारखे झळाळणारे, आणि त्यांवर तांबडे ठिपके. प्रत्येक पंखावर मी पाचच मोजले व तशी नोंदही केली. भिंग लावल्यावर दिसले की टोकाकडचे दोन ठिपके एकमेकांत मिसळले होते. त्यामुळे एकाच पतंगावरून निर्णय न घेता, रंग न उडालेले चार-पाच तरी वरून पाहावेत. सिनाबार पतंगाशीही याची गल्लत होते. मात्र सिनाबारच्या पुढच्या पंखावर वरच्या कडेने तांबडी रेघ आणि बाहेरच्या कडेला दोनच ठिपके असतात, शिवाय त्याच्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, दोऱ्यासारख्या बारीक असतात. बर्नेटच्या शृंगिका टोकाकडे जाडावतात, आणि त्यामुळेच पुष्कळांना तो फुलपाखरू वाटतो.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते गवताच्या काडीवरचे फिकट पिवळे, कागदासारखे कोश. एका रिकाम्या कोशाच्या तोंडाशी कोशिताची (सुरवंट आणि पतंग यांमधल्या अवस्थेची) काळी कात अर्धी बाहेर लोंबत होती आणि तिच्याजवळच एक जोडी मीलनात स्थिरावली होती. सुरवंट ट्रेफॉइलमधील सायनाइडयुक्त संयुगे अंगात साठवतात, ती स्वतःही तयार करतात आणि हे विष प्रौढ पतंगातही उतरते. डिवचल्यास त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. भडक तांबडा रंग ही पक्ष्यांना दिलेली त्याचीच सूचना आहे.

छायाचित्रासाठी ढगाळ वेळ किंवा संध्याकाळ निवडावी, कारण तेव्हा पतंग फुलांवर निश्चल बसतात. गोचिडींसाठी पायमोजे विजारीवर ओढून घ्यावेत. कोश काडीसह तोडू नयेत आणि पायवाट सोडण्यापूर्वी पुढच्या काड्या निरखून घ्याव्यात, कारण पाऊल पडेल तिथेच एखादा भरलेला कोश असू शकतो.