भृगू तलावाची तयारी, पांडवलेणीच्या पायऱ्यांवर

जूनमध्ये मी आणि धाकटी बहीण मनालीजवळच्या भृगू तलावाला जाणार आहोत. उंची सुमारे ४,३०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६! पायथ्याच्या बारी गावातून शिड्या चढून पाय तयार झालेत, पण तिथली हवाच वेगळी. समुद्रसपाटीच्या मानाने साधारण ६० टक्केच ऑक्सिजन.

म्हणून रोज पहाटे पांडवलेणी, पाठीवर ६ किलोची सॅक, रविवारी अंजनेरी. याने दमसास वाढतो, विरळ हवेची सवय मात्र नाशकात होत नाही. ती तिकडे मुक्काम करूनच. बहिणीला एक रजा वाचवायची होती, त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. शेवटी ठरलं: मनालीत, म्हणजे २,००० मीटरवर, दोन रात्री राहायचंच. वर डोकं दुखून मळमळायला लागलं तर पुढे पाऊल टाकायचं नाही, त्रास वाढला तर सरळ खाली, तलाव दिसो न दिसो. विरळ हवेच्या त्रासावरची गोळी, डायमॉक्स, डॉक्टरांना विचारूनच.

बूट जुनेच नेणार, पायाला बसलेले. नाशिकरोडहून दिल्लीपर्यंतच्या रेल्वेप्रवासासाठी आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी कबूल केलीय. भृगू ऋषींनी त्या काठी तप केलं, असं तिथले लोक मानतात. गोदाकाठच्या आम्हा बहिणींना त्या पाण्याला नुसता नमस्कार करायचाय.