दादाला घेऊन लंडनमध्ये साईन लँग्वेजमधली नाटकं आणि म्युझियम्स, आमचे दहा दिवस

आमच्या घरात एक वाक्य चाळीस वर्षं चालत आलंय, "नंतर सांगते". दादाला जन्मापासून ऐकू येत नाही, पुण्यात मराठी माध्यमाच्या कर्णबधिर शाळेत दहावी केली आणि आता भोसरीत सीएनसी मशीनवर आहे. गणपतीत सगळे जमले, काकांनी काहीतरी किस्सा सांगितला आणि घर हसलं की तो माझ्याकडे बघून भुवया उडवतो, काय झालं म्हणून, आणि मी हातानं खूण करते, नंतर सांगते. ते नंतर बऱ्याचदा येतच नाही. बालगंधर्वला नाटकालासुद्धा आईबाबा त्याला न्यायचे कारण एकट्याला घरी कसं ठेवायचं, आणि तो तीन तास कपडे आणि लाईट बघून परत यायचा.

नोकरीसाठी मी लंडनला आले तेव्हा एका थिएटरच्या बाहेर पोस्टरवर खाली दोन हातांचं छोटं चिन्ह दिसलं आणि पुढे एक तारीख, म्हणजे त्या दिवशीचा प्रयोग ब्रिटिश साईन लँग्वेजमध्ये, बीएसएलमध्ये, इंटरप्रिट होणार, संवाद कुणीतरी खुणांनी सांगणार. मी तिथेच फुटपाथवर उभं राहून दादाला व्हिडिओ कॉल लावला. सुट्टी, पैसे, व्हिसा हे सगळं जमायला तीन वर्षं गेली पण गेल्या जूनमध्ये तो आला. मराठीत ह्याबद्दल मला काही वाचायला मिळालं नव्हतं म्हणून जे कळलं ते सगळं लिहितेय, कुणाच्या घरी डेफ भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी असेल तर उपयोग होईल. (आणि प्लीज मूकबधिर म्हणू नका. दादाला तो शब्द फार लागतो, तो मुका नाही, त्याला भाषा आहे.)

पहिली गोष्ट, विमानाचं तिकीट आधी काढू नका. एखादं नाटक दोन-तीन महिने चाललं तरी बीएसएलचा प्रयोग त्यात साधारण एक किंवा दोन असतात, आणि ती तारीख चुकली की गेली. ऑफिशियल लंडन थिएटरच्या साईटवर अॅक्सेस परफॉर्मन्सेसची यादी असते, त्यात बीएसएल आणि कॅप्शन (संवाद लिहून दाखवणारे प्रयोग) वेगवेगळं शोधता येतं. मी आधी तारखा वहीत लिहिल्या, जिथे चार-पाच जवळजवळ येत होत्या तो आठवडा धरला, आणि मग दादाला सुट्टी टाकायला सांगितली.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. साईन लँग्वेज जगभर एक नसते. आपली इंडियन साईन लँग्वेज (आयएसएल) वेगळी, ब्रिटिश वेगळी, अमेरिकन अजूनच वेगळी. पण अमेरिकेत इंग्लिश अक्षरं एका हातानं करतात आणि आपल्याकडे दोन्ही हातांनी, ब्रिटनमध्येही दोन्ही हातांनी, आणि आपली बरीचशी अक्षरं त्यांच्याशी जुळतात. स्वर तर तसेच्या तसे, एका हाताची पाच बोटं पसरायची आणि दुसऱ्या हाताच्या तर्जनीनं टोकाला टेकवायचं, अंगठा म्हणजे ए, तर्जनी ई, मधलं बोट आय, अनामिका ओ, करंगळी यू. त्यामुळे नाव, गाव, एखादा अडलेला शब्द बोटांवर सांगता येतो. शब्दांच्या खुणा मात्र बऱ्याच वेगळ्या, त्यामुळे आयएसएल येणाऱ्याला बीएसएलचं नाटक आपोआप कळेल असं समजून जाऊ नका. दादा म्हणाला पहिल्या नाटकात चार आणे कळलं, शेवटच्यात दहा आणे.

ते दहा आणे तयारीमुळे. तो यायच्या आधी महिनाभर दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी त्याला एकेका नाटकाची गोष्ट सांगितली, प्रत्येक पात्राला आम्ही मिळून एक साईन-नाव दिलं, दाढीवाला, लाल झगेवाली, लंगडा म्हातारा असं. इंटरप्रिटरही तेच करतात, पात्राचं नाव प्रत्येक वेळी स्पेलिंगनं करत बसत नाहीत, त्याला एक खूण ठरवून ठेवतात. त्यामुळे नाटक सुरू झाल्यावर दादाला फक्त त्यांची खूण आणि आमची खूण जुळवायची होती. काही थिएटरं प्रयोगाआधी बीएसएलमध्ये गोष्ट सांगणारा व्हिडिओही टाकतात, तो दोन-तीनदा बघून जा.

आता आमची चूक. पहिल्या नाटकाची तिकिटं मी नेहमीसारखी ऑनलाईन काढली, चांगली महागडी, तिसरी रांग, आणि तिथे जाऊन बसलो तर इंटरप्रिटर स्टेजच्या दुसऱ्या टोकाला आणि मधे सेटचा जिना. दादाला तिचे हात कोपरापासून वर दिसत होते आणि चेहरा अर्धा. साईन लँग्वेजमध्ये चेहरा नाही दिसला की प्रश्न आहे का नकार आहे हेच कळत नाही. मी दाराशी जाऊन विनंती केली तर तिथल्या माणसानं सांगितलं की आता काही होणार नाही, शो सुरू झालाय. इंटरव्हलपर्यंत दादानं मान वाकडी करून बघितलं आणि नंतर मान दुखते म्हणून डोळे मिटून बसला. माझ्या पोटात तुटलं अगदी, एवढ्या लांबून आणून परत तेच, बालगंधर्वसारखंच.

तर, तिकीट कधीही साध्या बुकिंगवरून काढू नका. प्रत्येक मोठ्या थिएटरला अॅक्सेस टीम असते, त्यांना ईमेल करा की डेफ प्रेक्षक आहे, साईन बघणार आहे, इंटरप्रिटर दिसेल अशा भागात सीट द्या. त्या प्रयोगाला एक ब्लॉक राखून ठेवलेला असतो, आणि बहुतेक ठिकाणी सवलतही मिळते, बरोबरच्या माणसालासुद्धा. सीट इंटरप्रिटरच्या बाजूची आणि थोडी मागची मागा, अगदी पुढे बसलं तर टेनिसची मॅच बघितल्यासारखी मान फिरवावी लागते. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आणि इंग्लिशमधलं मेडिकल सर्टिफिकेट स्कॅन करून फोनमध्ये ठेवा, आम्हाला एकाच ठिकाणी मागितलं पण असलेलं बरं.

नॅशनल थिएटरला (वॉटर्लू स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं) सगळं नीट झालं. तिथे २०१८ मध्ये कॅप्शनचे चष्मे सुरू झाले, चष्मा घातला की संवाद समोर हवेत लिहिल्यासारखे दिसतात, आधी सांगून ठेवलं तर वापरायला मिळतात. दादानं दुसऱ्या एका नाटकाला घातला, वीस मिनिटांत काढून ठेवला. चष्मा चांगलाच आहे, पण अक्षरं इंग्लिश, पळतात भराभर, आणि ह्याचं सगळं वाचन मराठीत झालेलं. हे आपल्याकडच्या लोकांनी नक्की लक्षात घ्या. इंग्लिश माध्यमातून शिकलेला, वाचणारा डेफ माणूस असेल तर कॅप्शनचे प्रयोग बघा, ते जास्त असतात आणि त्याला सोळा आणे कळेल. मराठी माध्यमवाल्याला बीएसएलचाच प्रयोग बरा, कारण निदान चेहरा, अंग, हात ह्यातून गोष्ट येते.

आणि मग ग्लोब. शेक्सपिअरच्या काळातलं थिएटर परत बांधलंय, १९९७ मध्ये उघडलं, नदीकाठी, वर गवताचं छप्पर आणि मधला भाग उघडा. मला वाटलं होतं टुरिस्ट लोकांची जागा असेल, पण दादाच्या दृष्टीनं पूर्ण लंडनमध्ये ह्याच्यासारखी जागा नाही, आणि त्याचं कारण उजेड. बाकी थिएटरमध्ये नाटक सुरू झालं की अंधार, म्हणजे स्टेजवरचं दिसतं पण आम्हा दोघांना एकमेकांशी बोलता येत नाही, मला काही विचारायचं तर त्याला थांबावं लागतं. इथे स्टेजला आणि प्रेक्षकांना एकच उजेड, जूनमध्ये नऊ वाजेपर्यंत तो असतो. इंटरप्रिटर कोपऱ्यात उभी नव्हती, नटांबरोबर स्टेजवर फिरत होती, एक नट चिडला की ती त्याच्या मागे उभी राहून तशीच चिडायची. आमच्या आजूबाजूला डेफ लोकांचा मोठा घोळका होता, ते नाटक चालू असताना आपसात बोलत होते, कुणाला त्रास नाही कारण आवाजच नाही. एका विनोदाला तो घोळका आधी हसला आणि बाकीचं थिएटर मागून, दादा त्यात होता, त्यानं हसता हसता माझ्या खांद्यावर थाप मारली आणि मला तो विनोद कळलाच नव्हता, जुनं इंग्लिश, मी त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या. त्यानं खूण केली, नंतर सांगतो.

शेवटी टाळ्या वाजवताना डेफ लोक दोन्ही हात वर करून पंजे हलवतात, तेव्हा नटांनीसुद्धा तसेच हात हलवले.

ह्याच ग्लोबमध्ये २०१२ मध्ये शेक्सपिअरची ३७ नाटकं ३७ भाषांत झाली, त्यात हिंदी, गुजराती, उर्दू, बांगला होत्या (मराठी नव्हती), आणि त्याच यादीत एक भाषा म्हणून बीएसएलसुद्धा होती, डेफिनिटली थिएटर ह्या डेफ लोकांच्या ग्रुपनं ते नाटक केलं. २०२४ मध्ये नादिया नादराजा ह्या डेफ अभिनेत्रीनं तिथे क्लिओपात्रा केली, नाटक थोडं साईनमध्ये, थोडं बोलून होतं. हे दादाला सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना, मेन रोल? डेफ? असं दोनदा विचारलं.

ग्लोबला जायचं तर मधल्या अंगणातलं उभं राहायचं तिकीट घ्या, पाच-दहा पौंडांपासून मिळतं आणि उभं असल्यामुळे सरकून इंटरप्रिटर दिसेल तिथे जाता येतं. बाकड्यांच्या सीट्समध्ये खांब मधे येतात. पण तीन तास उभं राहायचं, खाली बसू देत नाहीत, छत्रीला बंदी, त्यामुळे टोपीवाला रेनकोट न्या, तसंही हातात छत्री धरून साईन करता येत नाहीच. सीझन साधारण एप्रिल अखेर ते ऑक्टोबर. त्याच आवारात आत एक मेणबत्त्यांच्या उजेडातलं छोटं थिएटर आहे, दिसायला सुंदर पण साईन बघणाऱ्यासाठी उजेड किती पुरेल हे विचारल्याशिवाय तिकीट घेऊ नका.

ग्लोबच्या शेजारीच टेट मॉडर्न, आधुनिक चित्रांचं म्युझियम. तिथे डेफ गाईड बीएसएलमध्ये चित्रं दाखवतो, ती टूर आम्ही केली. इथे गाईड साईन करतो आणि ऐकू येणाऱ्यांसाठी इंटरप्रिटर मागून बोलतो, म्हणजे उशिरा कळणारी मी होते. गाईडनं दादाला विचारलं कुठून, दादानं बोटांवर पी, मग करंगळीच्या टोकाला टेकवून यू, एन, आणि तर्जनीला टेकवून ई. गाईडनं तेच परत करून दाखवलं, तशीच बोटं, आणि दोघं हसले. पुढचा दीड तास दादानं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी मागे राहून पहिल्यांदा म्युझियम नुसतं म्युझियम म्हणून बघितलं. नाटकांपेक्षा ह्या टूरमध्ये त्याला जास्त कळलं, कारण समोरचा माणूस बघतोय की ह्याला कळलं नाही, मग तो थांबतो, वेगळ्या खुणेनं सांगतो, चित्राकडे बोट करतो. वेळ कमी असेल तर एक नाटक सोडा पण डेफ गाईडची टूर सोडू नका.

ब्रिटिश म्युझियमला एन्ट्री फ्री आहे आणि तिथेही साईनमधले कार्यक्रम असतात पण आमच्या दिवसांत नव्हता, गर्दी प्रचंड, आम्ही दोन तासांत निघालो.

प्रवासाला शक्यतो बस घ्या, आत स्क्रीनवर पुढच्या स्टॉपचं नाव येतं, एका तिकिटात (आम्ही गेलो तेव्हा १.७५ पौंड) तासभर कितीही बसा बदला. हीथ्रो विमानतळावर सूर्यफुलाचं हिरवं लॅनयार्ड (गळ्यात घालायची पट्टी) फुकट मिळतं, ते गळ्यात असलं की स्टाफला कळतं की ह्यांना वेळ द्यायचाय. आणि एक इंग्लिश कार्ड प्रिंट करून न्या, मी डेफ आहे, कृपया लिहून दाखवा, दादानं ते इमिग्रेशनला दाखवलं आणि ऑफिसरनं खरंच कागद-पेन काढलं.

एवढा खर्च शक्य नसेल तर पणजीचा पर्पल फेस्ट बघा, २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, अपंगत्व असलेल्या सगळ्यांसाठी आहे आणि तिथे आपल्या आयएसएलमध्ये इंटरप्रिट करतात, म्हणजे परकी साईन लँग्वेज समजून घ्यायचा अडथळा नाही. ब्रिटननं २०२२ मध्ये कायदा करून बीएसएलला भाषा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे आयएसएलसाठी २०१५ पासून दिल्लीत सरकारी संस्था आहे, डिक्शनरी आहे, पण पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहात एका प्रयोगाला एक इंटरप्रिटर उभा करायला नक्की काय अडतं हे मला खरंच कळत नाही. निर्मात्यांपैकी कुणी वाचत असेल तर एक प्रयोग करून बघा, मी आणि दादा सीट्स, उजेड सगळं सांगायला येऊ.

शेवटचं, शो संपल्यावर लगेच निघायचं असं ठरवून जाऊ नका. ग्लोबनंतर तो घोळका बाहेर नदीकाठी दिव्याच्या खांबाखाली तासभर बोलत उभा होता, हात दिसायला उजेड लागतो म्हणून खांब धरूनच उभे राहतात, निरोप घेतात आणि परत नवीन विषय काढतात. दादाला तिथे दोन मित्र मिळाले, रोज व्हिडिओ कॉल असतो आता. शुक्रवार-शनिवारी काही लाईन्सवर ट्यूब (लंडनची मेट्रो) रात्रभर चालते, बाकी दिवशी नाईट बस आहेच, वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसा, तिथे उजेड चांगला असतो. दादानं मला तो विनोद तिथेच सांगितला.